संगणकाचा खेळ आणि आठवण

वय झाले की चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही. मग कुणी सांगते, संगणकावर खेळ खेळा, डोके तल्लख होईल. हे खरे का?

अमेरिकेत १९९८ साली याची परीक्षा सुरू झाली. ६५ वर्षे आणि त्यापुढची २,८३२ माणसे घेतली. काहींना संगणकावर शिकवले. पडद्यावर क्षणभर चित्रे दिसायची. मधे काय होते, कडेला कुठे काय होते, ते सांगायचे. असे दहा धडे झाले. त्यांची नजर चपळ झाली. दहा वर्षांनीही फरक दिसला. पण आठवणीत भर पडली नाही. जात्यावर दळून दंड भरतात, म्हणून काय पोहता येते?

नातवाबरोबर खुशाल खेळावे, आम्ही नको म्हणत नाही. औषध म्हणून मात्र विकत घेऊ नये. तिथल्याच एका कंपनीने 'आमच्या खेळाने विसरभोळेपणा लांबतो' अशी जाहिरात केली होती. पुरावा नव्हता. २०१६ साली तिला २० लाख डॉलर भरावे लागले.