‘टाका पिकला’ आणि ‘जखम पिकली’

शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाची गणना ही वैद्यकाइतकीच अर्थविचाराचीही बाब आहे. प्रचलित व्याख्येनुसार शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांत, कृत्रिम सांधा बसविला असल्यास खोल थरांतील संसर्गासाठी ९० दिवसांपर्यंत, छेदातून पू आल्यास तो संसर्ग गणला जातो. पू केवळ टाक्याच्या छिद्रापुरता असल्यास गणला जात नाही.

नांदेड किंवा लातूर येथे शस्त्रक्रिया होऊन गावी परतलेल्या रुग्णाची दूरध्वनीवरून विचारपूस करताना जखम दिसत नाही. हाती असतात ते केवळ त्याचे शब्द. ‘टाका पिकला’ व ‘जखम पिकली’ यांत क्रियापद एकच. परंतु कर्ता बदलताच नोंद बदलते. ‘पाणी येते’ म्हणजे लस की पू, हेही स्पष्ट करून घ्यावे लागते.

विचारपूसच न केल्यास ती शस्त्रक्रिया भाजकात राहते, संसर्ग मात्र भाज्यातून निसटतो. प्रमाण अकारण अल्प भासते आणि कसून चौकशी करणारे रुग्णालयच सदोष ठरते. म्हणून प्रश्नावली इंग्रजीवरून शब्दशः न उतरविता बोलीतच रचावी: “पू टाक्याच्या भोकातून आला की चिरेतून? कितव्या दिवशी?”