शून्य हरवले तर?

पावसाळ्यात कृष्णेला पूर आला, की साऱ्या सांगलीचे लक्ष आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या पाणीपातळीकडे लागते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. पण हे फूट मोजायचे कोठून? अर्थात पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरील शून्यापासून. समजा, ती पट्टी कोणी हातभर वर सरकवली. मग पाणी धोक्याच्या पातळीला पोहोचले तरी आकडा कमीच दिसेल आणि लोक बेसावध राहतील. पाणी तेच, पट्टी तीच. बिघडले ते फक्त शून्य!

संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांचेही असेच आहे. आकड्यांनी यंत्र चालवण्याची ही कल्पना बरीच जुनी. १९५२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत असे एक यंत्र दाखवण्यात आले. त्याला आज्ञा मिळत त्या कागदी फितीवरील छिद्रांतून. आज कुपवाड, मिरज, सातारा येथील औद्योगिक वसाहतींत धातू कापणारी मोठी सीएनसी यंत्रे आहेत, आणि टेबलावर मावणारे, लाकूड कोरणारे छोटे राउटर हौशी माणसाला घरीही जोडता येते. त्यात फिरणारे हत्यार डावी-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली असे तीन दिशांनी सरकते. हेच एक्स, वाय आणि झेड अक्ष. तुमच्या आलेखातील आरंभबिंदू येथेही लागतो. फरक इतकाच, की तो कागदावर छापलेला नसतो. आपण ठरवायचा असतो.

यंत्राला अंतर कसे कळते? छोट्या राउटरमध्ये बहुधा स्टेपर मोटर असते. ती एका फेरीत २०० पायऱ्या फिरते. तिला जोडलेला स्क्रू एका फेरीत ८ मिलिमीटर सरकवत असेल, तर एका पायरीत ८ ÷ २०० म्हणजे ०.०४ मिलिमीटर अंतर कापले जाते. १०० मिलिमीटर जायचे, तर २५०० पायऱ्या. यंत्र फक्त पायऱ्या मोजते. डोळ्यांनी पाहत नाही. लाकडातील कठीण गाठीत हत्यार अडकले आणि ५० पायऱ्या हुकल्या, तरी आपण ठरल्या जागी पोहोचलो असेच ते समजते. प्रत्यक्षात मात्र नक्षी २ मिलिमीटर सरकलेली असते.

आता खरी परीक्षा पाहू. सागवानी पाटीवर घराचे नाव कोरणे चालू आहे. निम्मे झाले, आणि वीज गेली. हत्यार लाकडात रुतलेले. ते बाहेर काढताना यंत्राला थोडा धक्का लागतोच. तासाभराने वीज आली. पण साध्या यंत्राची मोजणी पुसली गेलेली असते. जेथे उभे आहे, त्या जागेलाच ते शून्य समजते. तसेच चालू केले, तर पाटी वाया जाणार.

यावर उपाय म्हणजे दोन शून्ये ठेवणे. पहिले यंत्राचे. प्रत्येक अक्षाच्या टोकाला एक लहान खटका बसवतात. यंत्र चालू होताच हत्यार आधी वर जाते, मग खटक्यांपर्यंत सरकते. खटका दाबला जाताच थोडे मागे येते आणि पुन्हा हळूहळू जाऊन त्याला स्पर्श करते. दुसऱ्यांदा हळू का? वेगात असलेली वस्तू थांबता थांबता थोडी पुढे जाते, म्हणून. खटका कोणत्या मिलिमीटरवर आहे, याला फारसे महत्त्व नाही. तो दर वेळी त्याच जागी दाबला गेला पाहिजे, हे महत्त्वाचे.

दुसरे शून्य कामाचे. उदाहरणार्थ, पाटीचा डावा खालचा कोपरा. यंत्राच्या शून्यापासून तो किती दूर आहे, हे अंतर बहुतेक यंत्रांत ‘जी ५४’ या नावाने जतन होते आणि वीज गेली तरी पुसले जात नाही. वीज येताच यंत्राला खटक्यांकडे पाठवायचे, की कामाचे शून्य आपोआप सापडते. मात्र पाटी हललेली नसावी, आणि हत्यार आधी कोपऱ्यावर उंच नेऊनच खात्री करावी. मग काम पहिल्यापासून चालवले तरी हरकत नाही. कोरलेल्या भागात हत्यार रिकामेच फिरते.

खटके नसतील तर? काम सुरू करण्यापूर्वीच पाटीखालच्या फळीवर, शून्याच्या जागी, टोकदार हत्याराने बारीक ठिपका कोरून ठेवावा. पुढे हत्याराचे टोक त्यावर आणून पुन्हा शून्य नोंदवावे. स्क्रू आणि नट यांत थोडी मोकळीक असते. म्हणून ठिपक्याकडे नेहमी एकाच बाजूने यावे. शाळेतील स्क्रूगेजची शून्य त्रुटी आठवते ना? त्याच जातीची ही काळजी.

उंचीचे शून्य मात्र हत्यार बदलले, की पुन्हा ठरवावे लागते. कारण प्रत्येक हत्याराची लांबी वेगळी. हत्यार फिरत नसताना लाकडावर कागद ठेवून ते अगदी हळू खाली आणतात. कागद सरकेनासा होताच थांबतात आणि कागदाची जाडी हिशेबात धरतात. ती तुम्हीही काढू शकता. २०० पानी वहीच्या १०० कागदांची जाडी पट्टीने मोजा आणि १०० ने भागा. उत्तर ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईल.

करून पहा : आलेखकागदाच्या एका चौकटीवर पेन्सिल टेकवा. मित्राने ‘उजवीकडे ५, वर ३’ अशा आज्ञा द्याव्यात, तुम्ही घराचे चित्र काढावे. निम्म्यात पेन्सिल उचला, डोळे मिटून कागद थोडा सरकवा, पुन्हा कोठेही टेकवा आणि उरलेल्या आज्ञा पाळा. छप्पर भिंतीवर बसते का, पाहा. मग दुसऱ्या कागदावर आरंभी फुली मारून ठेवा. मध्येच थांबलात, की फुलीपासून सर्व आज्ञा पुन्हा पाळत या. या वेळी घर पुरे होईल.