दोन काठ्या, एक पंप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सकाळी शॉवरखाली उभं राहावं, अंगाला साबण लागलेला असावा, आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी स्वयंपाकघरातला नळ सोडावा! शॉवरची धार बघता बघता करंगळीएवढी होते. आपण आतून ओरडतो, बाहेरून कुणीतरी "हो, हो" म्हणतं. हा घरोघरचा प्रसंग. पण याच प्रश्नाशी रोज झगडणारा एक व्यवसाय आहे, तो म्हणजे इंग्लंडमधल्या खिडक्या धुणाऱ्यांचा. तिथं बाहेरून काचा धुणं हा घरोघर फिरून करायचा नेहमीचा धंदा आहे. ठरावीक आठवड्यांनी माणूस गाडी घेऊन येतो, काचा धुतो, पैसे घेऊन पुढच्या घरी जातो.

पूर्वी हे काम शिडी, बादली आणि फडक्यावर चालायचं. शिडीवरून पडून हातपाय मोडणारे होते, जिवानिशी गेलेलेही होते. 2005 साली ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामांबाबत नवे नियम लागू झाले. त्यांचं पहिलंच तत्त्व असं, की काम जमिनीवरून करणं शक्य असेल तर माणसाला वर चढवू नका. पाण्याची काठी त्याआधीही होती, पण या नियमांनंतर तिचा प्रसार झपाट्यानं झाला.

ही काठी म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पोकळ नळ्यांचा लांब दांडा. हलका असावा म्हणून बहुधा कार्बन फायबरचा. टोकाला ब्रश, ब्रशवर पाण्याची बारीक छिद्रं, आणि दांड्याच्या पोटातून वर गेलेली एक नळी. खाली गाडीत पाण्याची टाकी, बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि रिळावर गुंडाळलेली शंभर मीटर नळी. माणूस जमिनीवर उभा राहतो आणि चार-पाच मजल्यांपर्यंतच्या काचा घासतो. (विजेच्या तारा जवळ असतील तिथं मात्र ही काठी उभी करायची नाही. कार्बन फायबरमधून वीज वाहते.)

या पद्धतीत काच पुसायची नसते. घासायची, वरून पाणी सोडून धुवायची आणि तशीच वाळू द्यायची. साध्या पाण्यानं हे जमणार नाही. लंडनच्या आसपासचं पाणी तर इतकं जड, की ते वाळलं की पांढरे ठिपके उरतात. म्हणून पाणी आधी आरओमधून आणि मग रेझिनमधून गाळून घेतात. क्षार मोजायच्या मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. असं पाणी वाळलं तरी मागं काही उरत नाही. अट एकच. घासून सुटलेली घाण शेवटी पुरेशा पाण्यानं वाहून गेली पाहिजे. पाणी कमी पडलं, तर शुद्ध पाणीसुद्धा ती घाण काचेवरच सोडून वाळतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फोन करतं आणि तीच खिडकी फुकट धुवायला परत जावं लागतं.

आता असं समजा, की एका गाडीवर दोघं काम करताहेत. पंप एकच, पुढं टी लावून दोन नळ्या काढलेल्या. एक जण तळमजल्याच्या खिडक्या धुतोय, दुसरा तिसऱ्या मजल्याच्या. वरच्याच्या ब्रशला पाणी कमी येतं. तो एकाच काचेवर दुप्पट वेळ काठी धरून उभा, मान मागं टाकलेली, खांदे भरून आलेले. खालच्याच्या पायाशी मात्र पाण्याचं तळं. आणि वाया चाललेलं ते पाणी फुकटचं नाही. ते तयार होताना आरओनं बरंच पाणी आधीच गटारात सोडलेलं असतं.

असं का होतं? पहिलं उत्तर कुणीही देईल, उंचीमुळं. पाणी दहा मीटर वर चढवायला साधारण एक बार दाब खर्च होतो. (एक बार म्हणजे ढोबळमानानं आपल्याभोवतीच्या हवेचा दाब.) एक ब्रश तीन मीटरवर आणि दुसरा बारा मीटरवर असेल, तर दोघांत नऊ मीटरचा, म्हणजे 0.9 बारचा फरक पडतो.

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. दाबाचा मोठा गिऱ्हाईक उंची नव्हे, नळी! सहा मिलिमीटर पोकळीच्या शंभर मीटर नळीतून मिनिटाला दीड लिटर पाणी न्यायचं, तर नुसत्या घर्षणात सुमारे 2.4 बार खर्च होतात. म्हणजे जमिनीवर आडवी पडलेली ही नळी पाण्याला चोवीस मीटर चढण्याइतकी जड जाते. तेच पाणी आठ मिलिमीटरच्या नळीतून नेलं, तर हा खर्च साधारण चौथाईवर येतो. फरक दोनच मिलिमीटरचा, पण पाण्याला तो फार मोठा.

यातून एक गंमत निघते. दोघांच्या नळ्या सारख्या, प्रत्येकी शंभर मीटर, सहा मिलिमीटरच्या आहेत आणि टीपाशी साडेतीन बार दाब आहे असं धरा. हिशेब केला तर खालच्याला मिनिटाला पावणेदोन लिटर आणि वरच्याला साधारण दीड लिटर मिळतं. चालून जाईल. आता पाणी वाचवायचं म्हणून पंप मंद करून दाब दोन बारवर आणा. खालच्याला सव्वा लिटर मिळतं, वरच्याला जेमतेम 0.8. उंचीनं दोन्ही वेळा तेवढाच दाब खाल्ला, पण मुळात थोड्या असलेल्यातून खाल्ला, म्हणून वरच्याची आबाळ झाली. (काठीतली बारीक नळी आणि ब्रशची छिद्रं मी हिशेबात धरलेली नाहीत, तेव्हा आकडे ढोबळच समजा.)

आता दोघंही एकाच मजल्यावर आहेत, पण एकाची नळी पन्नास मीटर आणि दुसऱ्याची शंभर. उंचीचा फरक शून्य, तरीही आखूड नळीवाल्याला जवळजवळ दीडपट पाणी जातं. "मला गाडीजवळच काम आहे, मग लांब नळी कशाला?" असं म्हणून नळी कापणारा माणूस आपल्या जोडीदाराचं पाणी कापत असतो. दोन्ही नळ्या एकाच लांबीच्या आणि एकाच पोकळीच्या हव्यात. न लागणारी नळी रिळावर गुंडाळलेली राहू दे. पाण्याला ती तेवढीच लांब असते.

वरच्याला पाणी कमी पडलं, की बहुतेकांचा हात आधी पंपाच्या बटणाकडे जातो. वेग वाढवला की वरच्याचं भागतं हे खरं, पण खालच्याचं तळं आणखी वाढतं आणि टाकी दुपारीच रिकामी होते. खरा उपाय उलटा आहे. ज्याला जास्त मिळतंय, त्याची वाट थोडी अडवायची. दोन्ही नळ्यांवर रिळापाशी एकेक छोटा कॉक बसवावा. दोन्ही ब्रश जमिनीवर ठेवून, दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी सोडून, अर्धा-अर्धा मिनिट वेगवेगळ्या बादल्यांत धरावं. माप सारखं आलं नाही, तर उंचीला दोष देऊ नये. कुठं तरी नळी मुडपलेली असते किंवा ब्रशच्या छिद्रात कण अडकलेला असतो. तो दोष काढल्यावर मग काठ्या वर न्याव्यात, आणि वरच्या काचेवरून पाण्याचा सलग पडदा उतरेपर्यंत खालच्याचा कॉक हळूहळू आवळावा.

कॉकची एक अडचण आहे. उंची बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना यावरची युक्ती माहीत आहे. चढउताराच्या रानात ठिबक करताना दाब सांभाळणारे ड्रिपर वापरतात. त्यांच्या आत रबराची लवचीक चकती असते. दाब वाढला की ती वाट अरुंद करते, कमी झाला की मोकळी करते. त्यामुळं टेकाडावरच्या आणि खोलगट भागातल्या झाडाला जवळपास सारखंच पाणी मिळतं. याच तत्त्वावरचे प्रवाह-नियंत्रक नळांसाठीही मिळतात. मात्र त्यांना काम करायला किमान काही दाब लागतो. पंप फार मंद ठेवला तर ती चकती नुसतीच बसून राहते.

एवढं करूनही एक भानगड उरते. खालच्यानं पुढच्या खिडकीकडे जाताना आपलं पाणी बंद केलं, की पंपाला ते कळत नाही. तो दोघांचं पाणी एकाच नळीत रेटू लागतो. वरच्याच्या ब्रशमधून एकदम लोट येतो, दाब चढतो, दाबाचा स्विच पंप बंद करतो, दाब उतरला की पुन्हा चालू. पंप असा उचक्या देत राहतो. म्हणून ज्यांना रोज जोडीनं काम करायचं असतं, ते टीच्या भानगडीत पडत नाहीत. टाकी एकच ठेवतात, पण पंप दोन, नियंत्रक दोन आणि नळ्या दोन. मग एकानं पाणी सोडलं काय आणि बंद केलं काय, दुसऱ्याच्या काचेवर काही फरक पडत नाही. बॅटरी मात्र मोठी घ्यावी लागते.