आग विझल्यानंतर

बंब निघून गेला, गल्लीतली गर्दी पांगली आणि घरची मंडळी काळ्या पडलेल्या ओसरीवर उभी राहिली, म्हणजे पहिला विचार मनात येतो तो हाच की, आधी हे सारे धुऊन काढू. शेजारणी बादल्या घेऊन येतात, पोरे नळाला नळी जोडतात. हेतू चांगला असतो. परंतु कित्येक घरांत आगीने जे राखले ते या पहिल्या दोन दिवसांच्या उत्साहात जाते. आपल्या न्यासाच्या सभासदांपैकी अनेक कुटुंबे अजूनही जुन्या लाकडी घरांतून राहतात, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय खुलासेवार मांडीत आहो.

इंदूरकरांना उदाहरणासाठी लांब जावयास नको. आपल्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याला आग लागून आतील मोठा भाग जळाला, तरी दर्शनी भाग उभा राहिला. २००६-०७ च्या सुमारास मागील भागाची जुन्या धाटणीनेच पुन्हा उभारणी झाली. राजवाड्याला बावीस वर्षे थांबता आले. संसाराला तेवढी उसंत कोठली?

पहिली गोष्ट, घरात लगेच शिरू नये. खांबाच्या खोबणीत, तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी विस्तव धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेट घेतो. विजेच्या तारांवरील वेष्टण उष्णतेने मऊ होऊन आतल्या आत चिकटलेले असते. बाहेरून ते धड दिसले तरी जाणत्या वायरमनने तपासल्याखेरीज मेन स्विच वर करू नये. आगीची धग लागलेली औषधे व उघडे धान्य सरळ टाकून द्यावे, तेथे काटकसर नको.

काही हलविण्यापूर्वी प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस कळवावे, अग्निशामक दलाचा दाखला व पंचनाम्याची प्रत मिळवावी. ज्यांचा विमाच नाही त्यांना सांगावेसे वाटते की, १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ या नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तिच्यात इमारतीच्या विम्याबरोबर घरच्या सामानालाही इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण असते.

आता काजळीकडे वळू. चुलीची काजळी आपल्या आजीने आयुष्यभर पुसली, पण आजच्या घरातली काजळी ती नव्हे. प्लास्टिकच्या नळ्या, विजेच्या तारा, फोमच्या गाद्या जळाल्या म्हणजे तिच्यात तेलकटपणा येतो आणि आम्लही येते. हे आम्ल हवेतली ओल घेऊन पितळेवर व लोखंडावर काही दिवसांतच डाग पाडते; म्हणून समया, कड्याकोयंडे, शिवणयंत्र यांच्याकडे आधी पाहावे. भिंतीला मात्र पाणी लावण्याची घाई नको. ओल्या फडक्याने काजळी निघत नाही, चुन्याच्या गिलाव्यात मुरते. आधी मऊ कुंच्याने, शक्य तर व्हॅक्यूम यंत्राने, वरून खाली अशी कोरडी झाडावी. मग कोरड्या रबरी स्पंजाने, न रगडता, एकाच दिशेने टिपावी. त्यानंतरच सौम्य साबणाचे पाणी. काम करताना नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा आणि पोरांना व दमेकऱ्यांना दूर ठेवावे. काळ्या भिंतीवर तसाच डिस्टेंपर फासला तर पिवळे डाग आठ दिवसांत वर येतात. चुन्याच्या भिंतीचा खराब पापुद्रा खरवडून पुन्हा चुनाच द्यावा. सिमेंटच्या भिंतीवर स्पिरिटात विरघळविलेल्या चपडा लाखेचा हात देऊन मग रंग काढावा.

रेशमी लुगडी, माहेश्वरी शालू यांना इस्त्री करू नये. उष्णतेने काजळी धाग्यात पक्की बसते. सावलीत वाऱ्यावर टांगून, हलके झटकून मग ड्रायक्लीनरकडे द्यावीत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न लाकडाचा. काळा ठिक्कर पडलेला खांब पाहून ठेकेदार म्हणतो, “काका, हे पाडूनच टाका.” पुष्कळदा काका मान हलवितात आणि शंभर वर्षांचा वाडा आठवड्यात भुईसपाट होतो. वास्तविक लाकूड जळते ते बाहेरून आत, साधारण मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर; आणि वर साठलेला कोळशाचा थर आतल्या लाकडाला धगीपासून राखतो. अर्धा तास आग चालली तर प्रत्येक बाजूने सुमारे वीस मिलिमीटर गेले असे धरा. नऊ इंची सागवानी खांबात मग सात इंचांहून जास्त निकोप लाकूड उरते. तीन इंची वाशाचे मात्र निम्मेही उरत नाही. म्हणून जाड खांब व तुळया बहुधा वाचवता येतात, वासे व फळ्या बदलाव्या लागतात. सुताराने वाकसाने कोळसा तासून पांढरे लाकूड लागेपर्यंत जावे, उरलेली जाडी मापावी आणि ती इंजिनियरला दाखवावी. कारण तुळईची उंची थोडी घटली तरी तिची ताकद त्याहून फार अधिक घटते. सांधे व भिंतीतली टोके उघडून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

लोखंडाची गोष्ट उलट आहे. ते जळत नाही, पण सहाशे अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याची निम्मी ताकद जाते आणि गर्डर वाकतो. वाकलेला गर्डर ठेवू नये. काँक्रीट खरवडल्यावर आत गुलाबी छटा दिसली तर ते तीनशे अंशांच्या वर तापले असे बहुधा समजावे. अशा स्लॅबवर नुसता गिलावा चढवून देणाऱ्या गवंड्यावर आमचा विश्वास नाही.

कागदपत्रे बंबाच्या पाण्याने भिजतात आणि दोन दिवसांत त्यांना बुरशी धरते. पाने ओढून सोडवू नयेत. टीपकागद घालून पंख्याखाली वाळवावीत. फारच असली तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावीत, म्हणजे सवडीने वाळवता येतात. वडिलांचे एकुलते छायाचित्र काचेला चिकटले असेल तर काचेसकट जाणकाराकडे न्यावे.

राहता राहिल्या कपाटातल्या जळक्या नोटा. कोळसा झालेल्या नोटा साध्या बँकेत घेत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात द्याव्या लागतात. कितीही चुरगळल्या असल्या तरी न उलगडता, कापसात ठेवून, पत्र्याच्या डब्यातून न्याव्यात.