आभासी यंत्र जागें कां होत नाहीं?

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालवितां येतो, ही गोष्ट प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. पण आज ती नित्याची झाली आहे. या दुसऱ्या संगणकास आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, म्हणतात. त्यास स्वतःची पेटी नसते कीं तारा नसतात. त्याची डिस्क म्हणजे मूळ संगणकावरील केवळ एक मोठी फाईल. ती फाईल दुसरीकडे नेली कीं यंत्रहि तेथें गेलें, असा सर्वसाधारण समज आहे. आणि या समजांतच पुष्कळ अडचणींचें मूळ आहे.

समजा, एखाद्या संस्थेचे हिशेब ठेवणारें डेबियन लिनक्सचें असें एक यंत्र क्यूईएमयूच्या साहाय्यानें अनेक वर्षें सुरळीत चालत आहे. नवा संगणक येतो, डिस्कची फाईल त्यावर नेली जाते, यंत्र सुरू केलें जातें, आणि पडद्यावर ओळखीच्या मजकुराऐवजीं नुसता 'शेल' हा शब्द उमटतो. चालकाचा धीर सुटतो. सर्व गेलें असें समजून तो नव्यानें मांडणी करावयास बसतो आणि जें शाबूत होतें तें आपल्याच हातानें पुसून टाकतो.

वस्तुतः काय घडलेलें असतें? संगणक सुरू होतांच प्रथम जागें होतें तें फर्मवेअर. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्यें हें काम बायॉसकडे होतें. डिस्कचा अगदीं पहिला तुकडा वाचावा आणि त्यांतील आज्ञा पाळाव्या, एवढीच त्याची रीत. पुढें इंटेलनें नवी पद्धति आखली, आणि २००५ मध्यें स्थापन झालेल्या यूईएफआय फोरमनें तिला सर्वमान्य रूप दिलें. हें नवें फर्मवेअर डिस्कवरील एक लहानसा राखीव विभाग उघडतें व त्यांतील नेमकी फाईल चालवितें. ती फाईल कोणती, हा पत्ता मात्र डिस्कवर नसतो. तो फर्मवेअरच्या स्वतःच्या टिपणवहींत असतो. आभासी यंत्राची ही वही म्हणजे एक निराळी छोटी फाईल. डिस्क नेली, वही मागें राहिली! घर जागेवर आहे. पत्त्याची चिठ्ठी तेवढी हरवली आहे.

पत्ता नसला म्हणजे फर्मवेअर एक ठराविक जागा चाचपून पाहतें: 'ईएफआय' कप्प्यांतील 'बूट' हा कप्पा. विंडोज तेथें आपली एक प्रत ठेवतें. डेबियन मुद्दाम सांगितल्यावांचून सहसा ठेवीत नाहीं. म्हणूनच वरील यंत्र अडून बसलें.

उपाय क्रमानें करावे. सर्वांआधीं डिस्कच्या फाईलची एक प्रत बाजूस ठेवावी. मग जुनें यंत्र बायॉसवर चालत होतें कीं यूईएफआयवर, हें पाहावें. एकावर मांडलेली डिस्क दुसऱ्यावर बहुधा उठत नाहीं. त्यानंतर जुन्या संगणकावरील ती छोटी फाईल शोधून आणावी. ती न मिळाल्यास यंत्र सुरू होतांना एस्केप कळ दाबावी, फर्मवेअरच्या यादींतून 'बूट फ्रॉम फाईल' निवडावें आणि 'ईएफआय' कप्प्यांतील 'डेबियन' कप्पा उघडून 'ग्रब' नांवाची फाईल स्वतः दाखवून द्यावी. यंत्र उठलें कीं आंतून ग्रबची पुनर्स्थापना करावी, म्हणजे पत्ता वहींत पुन्हां लिहिला जातो. आणि त्याच वेळीं ठराविक जागींहि एक प्रत ठेवावी, म्हणजे पुढील स्थलांतरांत हाच प्रसंग ओढवणार नाहीं.

फाईल सांपडूनहि 'ॲक्सेस डिनाइड' असा नकार आला, तर दोष पत्त्याचा नव्हे. तेथें सिक्युअर बूटचा पहारा असतो, आणि ज्या फाईलवर ओळखीची सही नाहीं तिला तो आंत सोडीत नाहीं. अशा वेळीं 'ग्रब'ऐवजीं सही असलेली 'शिम' नांवाची फाईल दाखवावी.

तात्पर्य, न उठणारें यंत्र म्हणजे नष्ट झालेलें यंत्र नव्हे. पुसून टाकण्यापूर्वीं विचारावयाचा प्रश्न एकच: माहिती हरवली, कीं तिच्याकडे जाण्याची वाट?