दोनशे छप्पन्न तारा

भूमध्य समुद्रातील बेटांत सिसिलीच्या खालोखाल मोठे असलेले सार्डिनिया आज निळ्या किनाऱ्यांसाठी ओळखले जात असले, तरी त्याचे जुने अन्न समुद्राचे नसून मेंढपाळांचे आहे. किनारपट्टीवर हिवतापाचा उपद्रव विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता आणि समुद्रमार्गे येणारे हल्लेखोरही आधी किनाराच गाठत. त्यामुळे वस्ती आतल्या डोंगरांकडे सरकली आणि मासळीऐवजी मेंढीचे मांस, मेंढीच्या दुधाचे चीज आणि गहू यांच्याभोवती तेथील स्वयंपाक उभा राहिला. या डोंगराळ मुलुखाला बार्बाज्या म्हणतात. रोमन सत्तेला तो कधी पुरता कह्यात ठेवता आला नाही, आणि त्या चिडीतूनच ‘रानटी लोकांचा प्रदेश’ अशा अर्थाचे हे नाव त्याला चिकटले. त्यातील नुओरो हे प्रमुख शहर, १९२६ सालचे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या ग्राझिया देलेद्दा यांचे जन्मस्थान. याच नुओरोतील एका घराण्याच्या स्त्रियांनी ‘सू फिलिंदेऊ’ ही हाताने ओढलेली अतिबारीक शेवई पिढ्यानुपिढ्या जपली आहे. तिच्या नावाचा अर्थ ‘देवाचे धागे’ असा लावतात.

ही शेवई रोजच्या जेवणातली नव्हे. नुओरोपासून ३० किलोमीटरहून अधिक अंतरावर, लुला या गावाच्या हद्दीत संत फ्रान्सिसचे देवस्थान आहे. खोट्या आरोपात सापडलेल्या एका दरोडेखोराने नवस फेडण्यासाठी ते बांधले अशी लोककथा सांगतात. मे महिन्याच्या आरंभी आणि ४ ऑक्टोबरला, म्हणजे संताच्या स्मृतिदिनी, तेथे उत्सव भरतो. मेमधील उत्सवासाठी नुओरोचे भाविक रात्रभर पायी चालून सकाळी तेथे पोचतात. देलेद्दा यांच्या ‘एलियास पोर्तोलू’ या कादंबरीतही या उत्सवाला महत्त्वाची जागा आहे. चालून आलेल्यांना मेंढीच्या मांसाचा पातळ, बिनमसाल्याचा रस्सा, त्यात मोडून शिजवलेली फिलिंदेऊ आणि वर विरघळत जाणारे आंबटसर चीज असा प्रसाद वाढतात, आणि त्याचे मोल घेत नाहीत. उत्सवाच्या पंगतीसाठी लागणारी शेवई आधीचे कित्येक दिवस घरात ओढून वाळवून ठेवावी लागते, आणि तिच्या जतनाचा प्रश्न मुळात या कामाच्या ओझ्याशी निगडित आहे.

या घराण्यात ही कला मुलीकडे जाई, तशीच सुनेकडेही जाई. बाहेरच्या जगाला फिलिंदेऊची ओळख ज्यांच्यामुळे झाली, त्या पाओला आब्राइनी यांनी ती आपल्या सासूकडून उचलली. परंपरा रक्ताने चालते असे जे भाबडेपणाने मानले जाते, त्याला हे एकच उदाहरण पुरेसे उत्तर आहे. ती चालली ती एका ओट्याशी दोघी रोज उभ्या राहिल्या म्हणून. २०१६ च्या सुमारास ही शेवई ओढणाऱ्या जेमतेम तीन स्त्रिया उरल्या असल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले, आणि त्या तिघीही याच गोतावळ्यातल्या होत्या.

कृतीत लपवण्यासारखे काही नाही, कारण घटक तीनच आहेत: ड्यूरम जातीच्या कठीण गव्हाचा रवा, पाणी आणि मीठ. या गव्हात प्रथिने भरपूर असतात, आणि पाण्याशी संयोग होऊन मळताना त्यांचे जे चिवट जाळे तयार होते त्याला ग्लुटेन म्हणतात. मात्र ड्यूरमचे ग्लुटेन ताठर असते, ते घट्टपणा सहज देते पण ताणाला सहजी वश होत नाही. म्हणूनच या गव्हाची कणीक सहसा लाटतात किंवा साच्यातून दाबून काढतात, ओढत नाहीत. फिलिंदेऊ करणारी स्त्री तीच कणीक इतका वेळ तिंबते की रव्याचा कण न् कण पाणी पिऊन हाताखालचा खरखरीत गोळा मऊ, एकजीव होतो. ओट्यावर दोन वाट्या असतात, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मिठाचे. कणीक कोरडी वाटली तर बोटे साध्या पाण्यात बुडवायची, ताण धरत नाही असे वाटले तर मिठाच्या. मीठ ग्लुटेनचे जाळे आवळते एवढे रसायनशास्त्र सांगू शकते, परंतु या घटकेला, या हवेत, या गोळ्याला कोणती वाटी हवी हे फक्त तळहाताला कळते. आब्राइनी यांनीही सर्वांत अवघड गोष्ट म्हणून या क्षणाकडेच बोट दाखवले आहे: कणीक केव्हा तयार झाली हे ओळखायला वर्षे लागतात.

पुढचे काम पाहणाऱ्याला सोपे भासते. गोळ्याची वळकटी करून ती दोन्ही हातांत धरायची, हात फाकवून ओढायची, दोन्ही टोके एकत्र आणून घडी घालायची आणि पुन्हा ओढायची. प्रत्येक घडीला तारांची संख्या दुप्पट होते, म्हणून आठ घड्यांत एकाच्या दोनशे छप्पन्न तारा होतात. प्रत्येक वेळी लांबी तेवढीच राखली, तर कणकेचे आकारमान बदलत नसल्याने एका तारेची जाडी मूळ वळकटीच्या सोळाव्या हिश्श्यावर येते. हे गणित निर्दय आहे. पहिल्या घडीत राहिलेली एखादी गाठ वा कोरडा कण सहाव्या घडीला तारेच्या जाडीएवढा ठरतो आणि तार तेथेच तुटते, शिवाय तुटलेली तार शेजारच्या तारांना चिकटून त्यांनाही घेऊन जाते. चीनमधील लामिएन या शेवयाही अशाच दुपटीने ओढतात, परंतु तेथे मऊ गव्हाचे पीठ आणि कणीक सैल करणारा क्षार यांचे साहाय्य असते. सार्डिनियाच्या स्त्रीजवळ ड्यूरमचा ताठर रवा आणि दोन वाट्या एवढेच आहे.

ओढून झालेल्या तारा ‘फुंदु’ नावाच्या मोठ्या गोल तबकावर ताणून पसरतात, पहिल्या थरावर तिरका दुसरा आणि त्यावर आणखी तिरका तिसरा. अंगच्या ओलाव्याने तीनही थर एकमेकांना धरतात आणि उन्हात वाळल्यावर मलमलीसारखे एकसंध, पारदर्शक जाळे हाती येते, त्याचे तुकडे मोडून ठेवतात. मराठवाड्यात किंवा खानदेशात उन्हाळी वाळवणाच्या दिवसांत पाटावर शेवया वळणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यातील ओढ आणि वाळवण ओळखीचे वाटेल. तेथे मात्र दांड्याचे आणि पुढे विजेचे यंत्र आले आणि बहुतेक घरांतला पाट माळ्यावर गेला. फिलिंदेऊच्या बाबतीत उलट घडले. इटलीतील बारिला या मोठ्या पास्ता-कंपनीचे अभियंते आब्राइनी यांचे काम पाहून गेले, ते यंत्रात उतरवण्याचा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला. जेमी ऑलिव्हर हा ख्यातनाम ब्रिटिश आचारीही त्यांच्या ओट्याशी दोन तास झगडून थांबला. साच्याचे यंत्र एकसारख्या कणकेवर चालते, आणि येथे कणीक प्रत्येक वेळी वेगळी असते.

यंत्राला न जुमानणारी ही गोष्ट कौतुकाची असली, तरी तीच तिच्यावरचे संकटही आहे. ‘स्लो फूड’ या इटलीत जन्मलेल्या चळवळीने नामशेष होऊ घातलेल्या पदार्थांच्या ‘आर्क ऑफ टेस्ट’ या सूचीत फिलिंदेऊचा समावेश केला आहे. १९९६ पासून चालत आलेल्या या सूचीने पदार्थाला नाव आणि प्रतिष्ठा मिळते, परंतु सूची कणीक मळत नाही. आब्राइनी यांनी घराबाहेरच्या मुलींना शिकवण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांच्या सांगण्यानुसार आलेल्या मुली कामाचा व्याप पाहून परतल्या. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षांची विनावेतन उमेदवारी, त्यानंतर तासन् तास उभे राहून केलेले खांदेदुखीचे काम, आणि ज्याला मुख्य गिऱ्हाईक एक देवस्थान व हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उपाहारगृहे, असा व्यवसाय आजच्या नुओरोतील तरुणीने का पत्करावा, या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेच्या शब्दांत देऊन भागत नाही. पूर्वीच्या स्त्रियांच्या श्रमाची किंमत कोणी लावली नाही म्हणूनच ही शेवई विनामूल्य वाढता आली, हे उत्सवाच्या कौतुकात सहसा बोलले जात नाही.

दुसरी वाट खुलेपणाची आहे. जी कला घराबाहेर जाऊ द्यायची नाही असा दंडक होता, ती आब्राइनी यांनी कॅमेऱ्यासमोर आणि परगावच्या लोकांसमोर करून दाखवली. घरातल्यांपैकी काहींना हे रुचले नाही, तरी अखेर नुओरोच्या स्त्रियांबरोबरच अमेरिका, सिंगापूर अशा दूरच्या ठिकाणचे काही पास्ताकारही आठ घड्यांपर्यंत पोचले. यामुळे तंत्र मरण्याचा धोका खूपच कमी झाला आहे. मात्र दूरदेशीच्या महागड्या उपाहारगृहात चार घासांच्या वाडग्यात येणारी फिलिंदेऊ आणि रात्रभर चालून आलेल्याला कढत रश्श्यात मिळणारी फिलिंदेऊ यांची तार एकच असली, तरी दुसरीसाठी लुलाच्या जवळपास राहणारे, दरवर्षी दोनदा भरपूर शेवई ओढून देणारे हात लागतात. घराण्याचा एकाधिकार सुटला ते योग्यच झाले. आता नुओरोतच, शिकणारीला वेतन देऊन आणि उत्सवाच्या शेवईचे रास्त दाम मोजून हे शिक्षण चालवायला हवे, आणि तो खर्च देवस्थानाने, नगरपालिकेने व या शेवईच्या नावावर पर्यटक बोलावणाऱ्यांनी मिळून उचलायला हवा.