'अलाऊ' म्हणजे नेमकं काय? बटण दाबण्याआधी हे वाचा

नवीन ॲप उघडलं की बऱ्याचदा पहिला प्रश्न येतो तो 'अलाऊ'चा. या इंग्रजी क्रियापदाचा साधा अर्थ 'परवानगी देणे'. 'पार्किंग नॉट अलाऊड' या पाटीवरही हेच क्रियापद असतं. फोनमध्ये मात्र परवानगी किती वेळासाठी, हे सोबतचे शब्द ठरवतात.

'व्हाइल यूजिंग द ॲप' म्हणजे ॲप वापरात असेपर्यंत. 'ओन्ली धिस टाइम' म्हणजे फक्त या वेळेपुरती. हा पर्याय २०२० साली अँड्रॉइड ११ मध्ये आला. लोकेशनसाठी 'अलाऊ ऑल द टाइम' निवडलंत, तर ॲप समोर उघडं नसतानाही तुमचं ठिकाण त्याला कळू शकतं. आणि 'डोन्ट अलाऊ' म्हणजे सरळ नाही.

आता सांगा, टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲप्सनी याच परवानगीतून नंबर मिळवले आणि कर्जदारांच्या नातेवाइकांना फोन करून त्रास दिला, अशा तक्रारी देशभर झाल्या आहेत.

दिलेली परवानगी काढताही येते. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग त्या ॲपचं नाव, मग परमिशन्स. पण एकदा त्यांच्या सर्व्हरवर गेलेली माहिती त्याने परत येत नाही. म्हणून शंका असेल तर आधी 'डोन्ट अलाऊ'च दाबा. गरज पडली तर नंतर देता येतंच.